दादांच्या पिकअपचे इंजिन

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर परवा दादांच्या पिकअपचे इंजिन बदलण्यावरून वाद झाला. महिंद्राची ही जुनी गाडी मेकॅनिकल पंपाच्या 2523 सीसी डिझेल इंजिनावर चालते, आणि बेडियाहून मिरची भरून येताना चोरलच्या पुढे भेरूघाट चढू लागली की काळा धूर सोडत दुसऱ्या गिअरवर येते. भंगार बाजारात त्याच कंपनीचे, तितक्याच सीसीचे कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचे डिझेल देणारे) दादांच्या पाहण्यात आले होते. गॅरेजवाल्या अण्णांचे म्हणणे असे की, सीसी तेच, ब्लॉकही त्याच घराण्यातला, तेव्हा माउंटिंग आणि बेल हाउसिंग (इंजिन व गिअरबॉक्स जोडणारे कवच) जुळवून दोन दिवसांत गाडी रस्त्यावर येईल.

मला हे मुळीच पटले नाही. जुन्या इंजिनाचे डिझेल फवारणारे नोझल सुमारे 200 ते 250 बार दाबावर उघडते. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, आणि डिझेल किती व केव्हा सोडायचे हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. त्यामुळे क्रँक सेन्सर, रेल प्रेशर सेन्सर, सेन्सरवाले एक्सिलरेटर पेडल आणि अखंड वायरिंग हे सगळे एकाच गाडीचे हवे. त्यात दादांच्या टाकीचा ड्रेन बोल्ट मागच्या महिन्यात उघडला तेव्हा मी शेजारीच उभा होतो : आधी चहाच्या रंगाचे पाणी आले, मग गंजाचे कण आणि सर्वांत शेवटी डिझेल. असे डिझेल हाय प्रेशर पंपात गेले तर पंपाबरोबर इंजेक्टरही जातील. टाकी बदलू आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर लावू, इतके अण्णांनी लगेच मान्य केले.

खरी चकमक ब्रेकवरून उडाली. ब्रेक हलके करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंप जुन्या डिझेल गाड्यांत बहुधा अल्टरनेटरच्या पाठीला असतो. नवे इंजिन उचलताना तोच अल्टरनेटर मागे राहिला तर पेडल दगडासारखे होईल, आणि तेही घाट उतरताना कळेल. यावर अण्णा बराच वेळ गप्प राहिले. गाडीचा वेग वाढवणाऱ्याने आधी ती थांबवण्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते, आणि ते मी तिथे जरा चढ्या आवाजातच बोललो.

वकीलसाहेबांनी मोटार वाहन कायदा, 1988 चे गाडीतल्या फेरबदलांविषयीचे कलम 52 काढले. आरसीवर इंजिन क्रमांक असतो, त्यामुळे आरटीओची परवानगी आधी आणि पाना नंतर, हे त्यांचे म्हणणे कोणीच खोडले नाही.

दादांनी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावून वायरिंगची चौकशी केली. ईसीएमपासून चार बोटांवर सगळी वायरिंग कापलेली आहे, असे उत्तर आले. हे इंजिन नको, असे सर्वांत आधी अण्णाच म्हणाले.