३१२ किलो भाताचा १५६ किलो तांदूळ: आमच्या गिरणीवरच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही आमच्या भातगिरणीला एक तारा देऊन लिहिलंय, "३१२ किलो इंद्रायणी दिली, हातात १५६ किलो तांदूळ आला. अर्धा माल गिरणीतच राहिला. आलेल्या तांदळातही तुकडा आहे आणि तो पांढराशुभ्र नाही. विचारलं तर मशीनवरचा मुलगा म्हणतो, इंद्रायणी तुटतेच. दोन दिवस ताटकळलो ते वेगळंच. गावात जुना हलर होता तेव्हा असं कधी झालं नाही." चोरी हा शब्द तुम्ही लिहिला नाहीत, पण वाचणाऱ्याला तोच ऐकू येतो. म्हणून सगळं मांडते.

पहिली गोष्ट, तुमचा माल गिरणीत राहिलाय हे खरं आहे. कणीचं एक पोतं, ४८ किलो, आणि कोंड्याचं एक, २५ किलो. दोन्ही काट्याजवळच्या भिंतीला लावून ठेवलेली आहेत, त्यांवर खडूने तुमच्या वडिलांचं, तात्यांचं, नाव आहे. तुम्ही तांदळाची पोती गाडीत भरलीत तेव्हा ही दोन दाखवायला हवी होती. त्या संध्याकाळी मी गिरणीत नव्हते आणि मुलाने ती दाखवली नाहीत. ही चूक आमची. तुम्हाला घरी जाऊन हिशोब करावा लागला आणि तो अर्ध्यावर आला, तर राग येणारच.

आता पूर्ण हिशोब. आमच्या वहीत तुमच्या भाताची नोंद अशी आहे: आलं तेव्हा ३१२ किलो, साफ झाल्यावर २९६. त्यातून अख्खा तांदूळ १५६, कणी ४८, कोंडा २५. उरलेले ६७ किलो म्हणजे तूस आणि धूळ. तूस पंख्याच्या वाऱ्याने थेट मागच्या खोलीत जातं, ते आम्ही तोलत नाही. भाताच्या वजनातला साधारण पाचवा हिस्सा नुसतं तूस असतं, थोडं इकडेतिकडे. तांदूळ आणि कणी मिळून २०४ किलो झाले, म्हणजे साफ भाताच्या शंभर किलोमागे जवळपास ६९. सरकार आपला खरेदीचा भात गिरण्यांना भरडायला देतं, तेव्हा कच्च्या, म्हणजे न उकडलेल्या, तांदळासाठी क्विंटलला ६७ किलो मागतं, तेही कणी धरूनच. तुमचा उतारा कमी नाही. कणी जास्त आहे, आणि खरं बोलायचं ते त्याबद्दलच.

आधी साफसफाईत गेलेल्या १६ किलोंबद्दल, कारण तेही तुम्हाला खटकलं असेल. पहिल्या चाळणीवर पेंढ्याचे तुकडे, कणसाच्या काड्या आणि मातीची ढेकळं राहिली. वाऱ्यावर पोचट दाणा उडाला, तो सगळ्यात जास्त होता. नंतर खडे काढायचं मशीन. त्याची जाळी तिरकी असते, ती हलत राहते आणि खालून हवा येते. हवेवर भात तरंगत उताराला लागतो आणि जड खडा जाळीला धरून वर चढतो. आजी सुपात पाखडताना मनगटाचा जो झटका द्यायची, तेच काम. तुमच्या मालात खडे मूठभरच निघाले, पण चुंबकाला दोन खिळे आणि मळणी यंत्राचा एक नट चिकटला होता. तो नट पुढे गेला असता तर तूस काढणाऱ्या रबराच्या रोलला खाच पडली असती, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाचा तांदूळ तुटला असता. या तिन्ही वस्तू डबीत ठेवल्या आहेत. तेवढं मळणीवाल्याला दाखवा, त्याचं यंत्र कुठेतरी सुटत चाललंय.

आता कणी. २०४ किलोंत ४८ म्हणजे जवळपास पावपट. हे जास्त आहे, मला मान्य आहे. आणि "इंद्रायणी तुटतेच" हे उत्तर चुकीचं आहे. ही जात आपल्याच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडली, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. आम्ही दर हंगामात प्रामुख्याने तीच भरडतो. नीट वाळलेली इंद्रायणी छान अख्खी निघते. मुलाला मी समजावलं आहे. जातीवर ढकललं की शेतकऱ्याला पुढच्या वर्षी काय बदलायचं ते कधीच कळत नाही.

प्रत्येकाच्या मालातलं ओंजळभर भात आम्ही नाव लिहून काचेच्या बरणीत ठेवतो. तुमची तक्रार वाचल्यावर रात्री तुमची बरणी उघडली. यंत्राजवळही न नेता शंभर दाणे नखाने सोलले, थाळीत मांडले आणि एकेक बॅटरीसमोर धरून पाहिला. सत्तावीस दाण्यांच्या पोटात आडवी चीर होती, काहींना दोन-दोन. बोटाने जरा दाबलं की तिथेच मोडत होते. हे दाणे आमच्याकडे येण्याआधीच तुटलेले होते, वरचं तूस त्यांना धरून होतं इतकंच.

ही चीर कशी पडते ते तुमच्या वडिलांना सांगायला नको, पण तुम्ही पुण्यात असता म्हणून लिहिते. कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस आला. कापलेलं भात वावरात भिजलं. मग ऊन कडक पडलं. दिवसा दाणा तापून आटतो, रात्री दवाने पुन्हा पाणी पितो. बाहेरचा थर फुगतो, आतला सुकलेलाच राहतो, आणि दाणा मधूनच तडकतो. तुमच्या भाताचा ओलावा मीटरवर साडेदहा टक्के आला होता. भरडायला तेरा-चौदा असावा लागतो. दाताखाली तो दाणा कट्‌कन वाजत होता.

इथे आमची दुसरी चूक. साडेदहा हा आकडा आम्ही वहीत लिहिला आणि गप्प राहिलो. तेव्हाच सांगायला हवं होतं, "तात्या, कणी बरीच पडेल, चालेल का? नाहीतर उकडा करून घ्या." भात भिजवून वाफवलं की तडकलेला दाणा बराचसा सांधला जातो. निर्णय तात्यांचा होता, आम्ही तो त्यांना घेऊच दिला नाही.

तिसरी चूकही सांगून टाकते. रबराचे दोन रोल एकमेकांकडे फिरतात, पण वेग वेगळा असतो. एक भरभर, एक जरा हळू. दाणा मधून जाताना त्याचं तूस पिळून निघतं, तळहातावर चोळल्यासारखं. हे रबर झिजतं. झिजलं की अंतर वारंवार कमी करावं लागतं आणि दाब सगळीकडे सारखा राहत नाही. तुमचा माल लागला तेव्हा आमची जोडी अखेरीला आली होती. ती आम्ही आणखी दोन दिवस ओढली आणि मग बदलली. तुमच्या कणीत त्याचाही वाटा आहे. किती, ते मोजून सांगता येणार नाही, पण आहे. म्हणून तुमच्या भरडाईचे निम्मे पैसे परत देतेय.

हलरबद्दल. आमच्याकडेही सासऱ्यांच्या काळात हलरच होता, मी स्वतः त्याच्या तोंडाशी पोती लावली आहेत. लोखंडी लाट, समोर लोखंडी पट्टी, दाणा त्या दोघांमध्ये घासत घासत पुढे जायचा. तूस, कोंडा आणि बारीक कणी सगळं एकत्र खाली पडायचं आणि ते म्हशीपुढे जायचं. मोठे तुकडे तांदळातच राहायचे, कारण वेगळी करणारी चाळणीच नव्हती. तोललं की सगळा तांदूळच भरायचा. घरी सूप घेऊन बसलेली बाई ती कणी काढायची आणि तिची कण्हेरी, धिरडी व्हायची. तिने काढलेली कणी हिशोबात कधी लिहिली गेली नाही.

रंगाचं एवढंच, की तात्यांनीच "एकच हात द्या, कोंडा थोडा राहू दे", म्हणजे एकदाच पॉलिश करा, असं सांगितलं होतं. मला त्यांची निवड आवडली, चवही त्यातच आहे. तुम्हाला पांढरा हवा असेल तर आणून द्या, आणखी एक हात देऊ. त्याचे पैसे नाहीत. पण तडकलेला तांदूळ पुन्हा पॉलिश केला तर आणखी थोडी कणी पडेल, ते आधीच सांगते.

दोन दिवस थांबावं लागलं त्याबद्दल वाईट वाटतं. दिवाळीनंतर रांग असतेच, पण आम्ही दोघांचा माल एकत्र करत नाही. आधीच्या घरचा आंबेमोहर पूर्ण बाहेर काढून, चाळण्या झाडून मग तुमचा लावला. त्यात वेळ जातो आणि तो मी वाचवणार नाही. यापुढे मात्र मालाचा नंबर फोनवर कळवू, म्हणजे गिरणीत बसून राहावं लागणार नाही.

पुढच्या वर्षी एक करून पाहा. लोंबीतले बहुतेक दाणे पिवळे झाले की कापा, पार वाळेपर्यंत उभं ठेवू नका. डांबरी रस्त्यावर घालू नका. ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसातून तीन-चार वेळा पाय फिरवा, दुपारचं ऊन फार असेल तर गोळा करून झाका आणि संध्याकाळी दव पडायच्या आत झाका. तिसऱ्या दिवशी मूठभर आणून द्या. मीटर लावून देईन, भरडायला आमच्याकडे आणा की नका आणू.

आमचा टेम्पो रविवारी तुमच्या गावावरून जातो. कणी, कोंडा, डबी आणि पैसे त्यात पाठवते, काटाही सोबत देते. तात्यांसमोर तोलून घ्या.