टोकन भरण्याआधी गट नंबर मागा

आज जेवणाच्या सुट्टीत आमच्या कार्यालयातील 24 वर्षांच्या एका मुलीने मला मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर गुंठ्याचे प्लॉट, सुलभ हप्ते, आणि टोकन आजच भरले तर जुना दर. तिने त्यासाठी 50,000 रुपये बाजूला काढून ठेवले होते. सरकारी नोंदीत जमीन ज्या क्रमांकाने ओळखली जाते, तो मी विचारला, "गट नंबर कोणता?" ती म्हणाली, "ताई, तो बुकिंग झाल्यावर देतात." तेव्हापासून माझे कामात लक्ष नाही.

1998 मध्ये निवृत्त झाल्यावर माझ्या वडिलांनी ग्रॅच्युइटीच्या पैशांतून असाच दोन गुंठ्यांचा तुकडा घेतला होता. खरेदीखत झालेच नाही. स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर सह्या झाल्या आणि शेतात फक्कीने आखलेल्या चौकोनात उभे राहून आम्ही नारळ फोडला. आईने तर स्वयंपाकघर कोणत्या बाजूला असेल तेही दाखवले. फक्कीच्या रेषा पहिल्याच पावसात धुऊन गेल्या. सहा वर्षांनी गेलो तेव्हा तेथे दुसऱ्याचे तारेचे कुंपण होते आणि सातबाऱ्यावर बाबांचे नाव कधीच लागलेले नव्हते.

शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लिहिलेले आहे. बाबांना तो नोटरीचा कागद करून देणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त बाबांना, आणि त्यांच्या अज्ञानावरच तो धंदा उभा होता. आजही तो त्याच पायावर उभा आहे, याचा मला विलक्षण संताप येतो.

म्हणून पहिल्यांदा जागेत पैसे घालणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की, गट नंबर हाती येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. तो मिळाला की सातबारा काढा आणि विकणाऱ्याचे नाव त्यावर आहे का, ते स्वतः वाचा. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा किंवा वारसाची नोंद आहे का, ते पाहा. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विकण्यावर सरकारी निर्बंध असलेली जमीन, असे लिहिले असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यास मनाई करणारे 1948 च्या कुळकायद्याचे कलम 63 आडवे येते. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढून वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांची तपासणी, करून घ्या. त्याची फी जड वाटली तर बाबांची ग्रॅच्युइटी आठवा. 500 चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर जाहिरातीआधी महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. रस्ता नकाशावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, हे मात्र बांधावर उभे राहूनच कळते.

सगळेच एजंट लबाड नसतात, हे मान्य. माझ्या मावसभावाला प्रामाणिक माणूस भेटला. तुकडेबंदीत, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीतही, शहरी भागांसाठी 2025 मध्ये सरकारने सवलत दिली, तेही खरे. परंतु सवलत मिळाली म्हणून न झालेले खरेदीखत झालेले ठरत नाही.

बाबा त्या जागेविषयी नंतर कधी बोलले नाहीत. ते गेल्यावर कपाट आवरताना तो नोटरीचा कागद विम्याच्या पॉलिसींसोबत प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेला सापडला. मी तो फाडलेला नाही.

दुपारी त्या मुलीवर मी आवाज चढवला, त्याचे आता वाईट वाटते. स्वतःच्या कमाईतून जागा घ्यावी असे तिला वाटते, यात चुकीचे काहीच नाही. तिने टोकन भरले नाही आणि एजंटाच्या मागे लागून गट नंबर मिळवला. मघाशीच आम्ही दोघींनी फोनवर बोलत महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा उघडला. चार भावंडांची नावे सामाईक आहेत, क्षेत्र जिरायत आहे, आणि जाहिरातीतल्या कंपनीचे नाव त्यावर कोठेही नाही.