‘शहरी चोचले’ म्हणणाऱ्या वाचकांना

काजूबोंड आणि करवंदाच्या मिश्र रसावर लिहिलं, त्याखाली एक निनावी प्रतिक्रिया आली. ती अशी : ‘ताई, लिटरला 80 ग्रॅम साखर घालून पौष्टिक कसं म्हणता? तापवल्यावर क जीवनसत्त्व उरतं तरी का? करवंदं तशीच खावीत. गुरांपुढं टाकायची बोंडं लोकांना पाजायची, असले शहरी चोचले कोल्हापुरात बसूनच सुचतात.’

‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि जाता जाता टोला हाणायचा, ही कुठली रीत? शंका असेल तर सरळ विचारा की.

शहरीपणाचं म्हणाल तर माझं आजोळ चंदगड तालुक्यातलं. मामांची काजूची बाग आहे. बी पिळून काढायची आणि बोंड तिथंच झाडाखाली टाकायचं, हे बघत मी मोठी झाले. दुपारपर्यंत त्या ढिगाला आंबूस वास सुटायचा, वर माश्यांचं मोहोळ. बोंडं चोखून घसा खवखवला की आजीच्या शिव्या खायच्या, हे ठरलेलं. तेव्हा गुरांपुढं काय टाकतात ते मला कृपा करून शिकवू नका.

आणि गुरांपुढं टाकतात म्हणून फळ हलकं ठरतं का? बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं. टाकतात, कारण ते टिकत नाही. साल पातळ, तोडल्यावर दिवसाभरात आंबायला लागतं, बाजारात न्यायचं कसं? गोव्यात याच बोंडाची फेणी होते. तिला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ती पिताना कुणाला चोचले आठवत नाहीत.

घशाची ती खवखव टॅनिन या तुरट द्रव्यामुळं. रसात भाताची पातळ पेज ढवळून ठेवली की टॅनिन गाळाबरोबर खाली बसतं, वरचा नितळ रस घ्यायचा. हा रस फिकट आणि वासाला उग्र असतो, म्हणून करवंद. त्यानं रंग येतो आणि आंबटपणाही. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितका रस आंबट) 4.6 च्या बराच खाली राहिला की रस खळखळा उकळावा लागत नाही, 85 अंशांच्या आसपास तापवून गरम असतानाच बाटलीत भरला तरी भागतं. क जीवनसत्त्व थोडं जातं, हे मान्य. सगळं जात नाही. तांब्या-पितळेचं भांडं नको, स्टीलचंच घ्या, असं लेखात लिहिलंय ते क जीवनसत्त्व टिकावं म्हणूनच. पण तिथपर्यंत वाचायला हवं ना!

करवंदं तशीच खावीत म्हणता? खा की, कुणी अडवलंय? गगनबावड्याच्या रस्त्यावर द्रोणात मिळतात, मीही खाते. पण पावसाळा लागल्यावर काय करता?

राहिली साखर. पिण्यास तयार पेयात फळाचा रस किमान 10 टक्के आणि विद्राव्य घटक (म्हणजे विरघळलेली साखर वगैरे) किमान 10 टक्के, असं अन्न सुरक्षेचं मानक आहे. माझ्या लिटरभर पेयात बोंडाचा रस 250 मिली आणि करवंदाचा गर 100 ग्रॅम. 80 ग्रॅम साखर जास्त वाटत असेल तर कमी घाला. मधुमेह असणाऱ्यांनी घेऊ नये हे लेखात आहेच. यावर अजून काय बोलायचं?

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या खेपेला खाली नाव तेवढं घाला.