पेन्शनचं भांडण आणि उद्यमबागेतली माणसं

आमच्या बेळगावच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सीमाप्रश्नाखालोखाल भांडण होतं ते जुन्या पेन्शनवरून, म्हणजे सरकारी नोकरांना शेवटच्या पगारावर हमीने मिळणाऱ्या पेन्शनवरून. भावोजी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, शिक्षक. मामेभाऊ खानापुरात, म्हणजे कर्नाटकात, सरकारी नोकर. दोघांचीही जुनी पेन्शन थोडक्यात हुकली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना वर्गणीवर चालणारी, हमी नसलेली नवी योजना लावली, कर्नाटकाने १ एप्रिल २००६ पासून. (१ नोव्हेंबर आमच्याकडे आधीच तापलेली तारीख. काळा दिन आणि राज्योत्सव एकाच दिवशी, त्यात ही भर.) २०२३ च्या मार्चमध्ये दोन्ही राज्यांतले सरकारी नोकर संपावर गेले, तेव्हा ग्रुपवरची सगळी मंडळी प्रथमच एका बाजूला झाली.

मी जर्मनीत, स्टुटगार्टजवळ एका मोठ्या कंपनीत आहे. पन्नाशी उलटली, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत आमच्याही टेबलावर हाच विषय असतो. गावाकडून एकच शेरा येतो, "तुमचं काय ओ, युरोत पेन्शन!" शेरा खोटा नाही, पण पूर्ण खराही नाही. इथे सरासरी पगारावर एक वर्ष नोकरी केली की एक गुण खात्यात जमा होतो. २०२५ च्या जुलैपासून एका गुणाचे महिन्याला ४०.७९ युरो. म्हणजे ४५ वर्षं सरासरी पगारावर काढली तरी साधारण १८३५ युरो, त्यातून आरोग्य विम्याची वर्गणी आणि कर वजा. माझ्यासारखा तिशी ओलांडून आलेला माणूस ४५ वर्षं आणणार कुठून? बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात म्हणून रेल्वे स्टेशनवर रिकाम्या बाटल्या गोळा करणारी म्हातारी माणसं इथेही रोज दिसतात. जर्मन सहकारीही पेन्शनवर वैतागलेलेच असतात.

मला हेवा वाटतो तो रकमेचा नाही, पत्राचा. वय २७ पूर्ण आणि ५ वर्षांची वर्गणी भरलेली असली की पेन्शन खात्याकडून दर वर्षी एक पत्र येतं. त्यात ठळक आकडे तीन. आज काम करायची ताकद गेली तर किती मिळेल, आजवर कमावलेली पेन्शन किती, आणि असंच चालू राहिलं तर ६७ व्या वर्षी किती. तिसरा आकडा पाहून माणूस तिशीतच घाबरतो आणि कंपनीच्या पेन्शनमध्ये पगारातून जादा पैसे वळवायला लागतो. कंपनीलाही त्यात निदान १५ टक्के भर घालावी लागते. साठीला घाबरून काय उपयोग?

आता उद्यमबागेकडे, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीकडे या. फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये माझ्याबरोबर सुरुवात केलेले मित्र पुढे पुण्याला गेले, काही गोव्याला, काही कोल्हापुरात शिरोलीला. प्रत्येक नोकरी सोडताना त्यांनी पीएफ काढला. बहिणीचं लग्न, शहापुरातल्या घराचा वरचा मजला, मुलाचं डिप्लोमा ॲडमिशन. कारणं सगळी खरी. पण पीएफबरोबर त्याला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या खात्यातले पैसेही काढून घेतले की ती वर्षं गेली. १० वर्षांची सेवा जुळली नाही तर ५८ व्या वर्षी मासिक पेन्शनच नाही. पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेल्या सेवेची नोंद ठेवणारा कागद, घेतलं असतं, किंवा नव्या नोकरीत सेवा जोडून घेतली असती, तर वर्षं शाबूत राहिली असती. हे त्यांना कंपनीतल्या कुणी सांगितलं नाही, युनियनमध्येही कुणी सांगितलं नाही.

सगळं नीट केलं तरी काय मिळतं ते बघा. पेन्शनसाठी धरायचा पगार २०१४ च्या सप्टेंबरपासून १५,००० वर अडकलेला. ३३ वर्षं नोकरी, सवलतीची २ वर्षं धरून ३५. पगार गुणिले ३५, भागिले ७०. सर्वसाधारणपणे महिन्याला फार तर साडेसात हजार. पगार साठ हजार असो की लाख. किमान पेन्शन तर १,००० रुपये. पासबुकात पेन्शनकडे दर महिन्याला वळणारे १,२५० दिसतात, पण त्यातून पुढे महिना किती मिळणार, हे कुणी पत्र पाठवून कळवत नाही. ही योजना केंद्राची. निपाणीला नोकरी करा की कागलला, सूत्र एकच. सीमेच्या दोन्ही बाजूंना इतका समान अन्याय दुसऱ्या कशात क्वचितच सापडेल, आणि नेमकं त्याच्यावर आमच्या ग्रुपवर कुणी भांडत नाही.

सरकारी नोकरांनी भांडू नये असं मला म्हणायचं नाही. केंद्राने आपल्या नोकरांसाठी २०२५ च्या एप्रिलपासून हमीची पेन्शन देणारी एकीकृत योजना आणली, ती या भांडणामुळेच. पण ज्या तालुक्यांतली बहुतेक पोरं खासगी कंपन्यांत जातात, तिथे पेन्शनची चर्चा मास्तर आणि तलाठ्यापाशीच थांबते, हे मला खटकतं. भावोजींना हे लिहिलं तर त्यांनी उत्तर दिलं, "खासगीवाल्यांनी प्लॉट घेऊन ठेवलेत की." प्लॉट हीच आमच्याकडची निवृत्ती योजना, हे मात्र खरं. मलाही येळ्ळूर रस्त्याला जमीन घे म्हणून दर सुट्टीत आग्रह होतो. एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, हे सांगितलं की मामाच्या नावावर घे म्हणतात. मामाची मुलं तीन आहेत, तेव्हा नको.

परत येण्याचं म्हणाल तर भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. इथली पेन्शन बेळगावात मिळू शकते, आणि पात्रता ठरवताना दोन्ही देशांतली वर्षं एकत्र धरता येतात. पैसे मात्र ज्याने त्याने आपल्या वर्षांपुरतेच द्यायचे. आरोग्य विमा त्या करारात नाही. साठीनंतर बेळगावात नवा विमा काढायचा तर हप्ता किती, आधीच्या आजारांना थांबा किती वर्षांचा, हे मी सध्या विचारत फिरतोय. ते जुळलं तर ६३ ला, ६७ च्या आधीच्या प्रत्येक महिन्यामागे ०.३ टक्के कपात सोसून येईन. नाही जुळलं तर ६७.