पाणी तोडलं की बोगनवेल फुलते? त्या फॉरवर्डची उलटतपासणी

बागकामाच्या गटांमध्ये बोगनवेलीबद्दलचा एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: बोगनवेल हे वाळवंटी झाड, म्हणून पंधरा दिवस तिचं पाणी पूर्ण तोडा. पानं गळली की एप्सम सॉल्ट आणि केळ्याच्या सालींचं पाणी घाला. काटेरी फांद्या वांझ असतात, त्या बुडापासून कापा. कुंडी लहानात लहान ठेवा. मग वर्षभर पान दिसणार नाही इतकी फुलेल. सोबत गुलाबी रंगाने लगडलेल्या वेलीचा फोटो असतोच.

यातल्या दोन मुद्द्यांत थोडं तथ्य आहे, म्हणून तर संदेश मरत नाही. पण ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे त्या उन्हाचा त्यात उल्लेखच नाही.

आधी वाळवंटाचं पाहू. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली: ब्राझील, पेरू, अर्जेंटिना. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नोंदीत ती आली 1767 साली, फिलिबेर कॉमेर्सोंने रिओ द जानेरोला तिचे नमुने गोळा केले तेव्हा. रिओच्या किनाऱ्यावर हवा दमट असते आणि पाऊस चांगला पडतो. एकदा जमिनीत रुजली की ही वेल कोरडेपणा सोसते, हे खरं. म्हणून तिला कोरडेपणाच हवा असतो असं नाही.

पाणी तोडण्यामागे खरं काय आहे? पाण्याचा किंचित ताण पडला की फांद्यांची लांब पळणारी वाढ मंदावते आणि वेल फुलोऱ्याकडे झुकते. कुंडीतल्या मातीचा वरचा थर कोरडा झाला, पानं जरा मलूल दिसली, की तळातून निथळेपर्यंत पाणी द्यायचं आणि पुन्हा तशीच वाट पाहायची. ताण म्हणजे एवढाच. पानं गळेपर्यंत थांबलात तर ज्या बारीक मुळांनी पाणी ओढायचं तीच आधी मरतात. शिवाय रंगीत छदं (ज्यांना आपण फुलं समजतो ती पाकळ्यांसारखी पानं) आणि त्यांच्यामधली ती पांढरट, नळीसारखी खरी फुलं तयार व्हायला लागणारं अन्न पानांतच बनतं. पानं झडलेली वेल पाणी मिळाल्यावर आधी पानांचीच भरपाई करणार.

मग ‘आमच्याकडे तर असंच करून फुलली’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. अनेक उष्ण प्रदेशांत पाऊस थांबून माती कोरडी होते त्याच सुमारास दिवस लहान होऊ लागतात आणि आभाळही मोकळं होतं. लांब रात्री आणि स्वच्छ ऊन ही बोगनवेलीच्या बहुतेक जातींना फुलण्याची खूण. त्याच दिवसांत कुणी पाणी तोडलं, तर श्रेय पाणी तोडण्याला जातं. वेल सावलीत असेल तर तोच उपाय करून फक्त खराटा हाती लागतो. दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. त्याहून कमी मिळत असेल तर कुंडी हलवा, बाकीचे उपाय नंतर.

काटेरी फांद्यांचा मुद्दा मला सगळ्यात मजेदार वाटतो, कारण तो जवळजवळ उलटा आहे. बोगनवेलीचा काटा आणि फुलोरा एकाच जागेतून येतात, पानाच्या बेचक्यातल्या एकाच प्रकारच्या अंकुरातून. दिवस लांब असले, वाढीचा जोर असला, की त्या अंकुराचा काटा होतो. परिस्थिती जुळली की फुलोरा होतो. वाढीला चालना देणारं जिबरेलिन हे संप्रेरक बाहेरून दिलं की फुलोऱ्याऐवजी काटे येतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे काटेरी फांदी वांझ नाही, ती अजून वाढण्याच्या धुंदीत आहे. तिचा शेंडा खुडा. खालच्या पेरांतून आडव्या फांद्या फुटतील आणि फुलोरा त्या नव्या वाढीवर येईल. बुडापासून कापलीत तर आणखी जोमदार, आणखी काटेरी कोंब येतो आणि माणूस पुन्हा कात्री घेऊन धावतो.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. जुनी पानं शिरा हिरव्या राहून मधूनमधून पिवळी पडत असतील, तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते आणि त्याचा उपयोग होतो. नव्या पानांवर तसा पिवळेपणा दिसला तर बहुधा लोह कमी पडतंय, तिथे हे मीठ बिनकामाचं. कमतरता नसताना ओतत राहिलं तर पोटॅशियम आणि कॅल्शियम घेण्यात अडथळा येतो. केळ्याच्या सालींच्या पाण्यात थोडंसं पोटॅशियम उतरतं, चिलटं मात्र भरपूर येतात. साली कंपोस्टमध्ये टाका. खत द्यायचंच तर नत्र बेताचं असलेलं द्या. नत्र जास्त झालं की वेल हिरवीगार होते आणि तशीच राहते.

लहान कुंडीत तथ्य आहे, मुळांना जरा दाटी झालेली तिला चालते. पण पाणी दिलं की मातीत न थांबता कडेने सरळ खाली निघून जात असेल, तर दाटीची हद्द झाली. एकच माप मोठी कुंडी घ्या आणि मुळांचा गोळा न फोडता वेल त्यात बसवा. मुळं ठिसूळ असतात, ओढाताण सोसत नाहीत.

राहिलं ‘वर्षभर’. बोगनवेल बहरांनी फुलते. विषुववृत्ताजवळ, जिथे दिवसरात्र बाराही महिने जवळपास सारखे असतात, तिथे बहर वरचेवर येतात, पण मधली विश्रांती तिथेही असते. रंग उडून छदं कागदासारखी झाली की फुललेले शेंडे हलके छाटा आणि खत तेव्हा द्या. नवे कोंब भिंतीवर आपोआप चढतील अशी आशा मात्र धरू नका. या वेलीला आधार पकडणारे तणावे नाहीत, ती आधाराला वेढेही घालत नाही. काट्यांच्या आधाराने इतर झाडांवर रेलते, एवढंच. कोंब कोवळे असतानाच मऊ दोरीने, जरा सैल, शक्यतो आडवे बांधा. आडव्या फांदीवर पेरापेरातून फुटवे येतात.