लेनच्या मधोमध सायकल? कोकणात जरा दमानं

पावसाळा सरला की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘कडेने चालवू नका. मोटार चालवता तशी सायकल चालवा, लेनच्या मधोमध. तुम्ही गाडीवाल्यासारखे वागलात की बाकीचे तुम्हाला गाडीवालाच समजतात, आणि त्यातच खरी सुरक्षितता.’ मुंबई-गोवा राईडच्या तयारीत असलेली मंडळी तो बिनदिक्कत पुढे ढकलतात. मूळ मांडणी जॉन फॉरेस्टर या अमेरिकन इंजिनिअरची, 1970 च्या दशकातली, कॅलिफोर्नियातली. रेवस ते रेडी या कोकणातल्या सागरी मार्गावर ती कितपत टिकते, ते मुद्द्यागणिक बघू.

‘मधोमध असलात की लांबून दिसता, मागचा वेग कमी करतोच.’ सरळ रस्त्यावर दिसता, कबूल. पण सागरी मार्गावर सरळ रस्ता आहे किती? खाडीला उतरायचं, पलीकडे परत चढायचं, आणि दर वळणाला एका बाजूला चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, नाहीतर आंब्याची बाग. आता हिशोब करा. चढावर तुमचा वेग ताशी 10 किमी, मागून येणाऱ्या गाडीचा 60. म्हणजे ती दर सेकंदाला 14 मीटरने तुमच्या जवळ येते. वळणामुळे रस्ता 30 मीटरच दिसत असेल, तर ड्रायव्हरच्या हातात जेमतेम दोन सेकंद. त्यातला एक तरी सेकंद ‘अरे, सायकल!’ हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. उरलेल्या एका सेकंदात चिरे भरलेला डंपर काय आवरणार? त्यात रस्ता ओला असला तर विचारायलाच नको. अशा वळणावर मधोमध राहिल्याने तुम्ही फारसे लवकर दिसत नाही. फक्त त्याच्या बरोबर समोर असता.

‘मागून धडक बसणं दुर्मीळ, खरे अपघात चौकात होतात.’ हे अर्धं खरं, म्हणूनच जास्त फसवं. अमेरिकेत क्रॉस आणि फिशर यांनी 1977 मध्ये सायकल-मोटार अपघातांचा मोठा अभ्यास केला. त्यात ओव्हरटेक करताना झालेल्या धडका जखमींच्या अपघातांत साधारण दहातल्या एक होत्या. मृत्यूंत मात्र एक तृतीयांशाहून जास्त. मेसेजवाले पहिला आकडा सांगतात, दुसरा गिळतात. शिवाय चौकांचं गणित शहराचं. आमच्याकडे एका फाट्यापासून दुसऱ्या फाट्यापर्यंत नुसता रस्ताच असतो.

‘कायद्याने रस्ता सायकलचाही आहे.’ आहे की! सायकल मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतलं मोटार वाहन नाही, तिला लायसन्स लागत नाही, पण द्रुतगती मार्गासारखे अपवाद सोडले तर रस्त्यावर यायला तिला मनाई नाही. हक्क आहे म्हणून मागच्याचा ब्रेक लवकर लागतो, असं मात्र नाही.

‘वेगळी सायकलवाट केली की धोका उलट वाढतो.’ फॉरेस्टरचा हा आवडता मुद्दा, आणि वाट चौकात बेफिकिरीने संपवली तर त्यात तथ्यही आहे. पण नेदरलँड्स बघा. 1971 मध्ये तिथे रस्त्यांवर 3000 हून जास्त माणसं गेली, त्यांत 400 हून जास्त मुलं. लोक रस्त्यावर उतरले आणि पुढच्या काही दशकांत देशाने रस्तेच बदलले: ताशी 30 किमीच्या गल्लीत सायकल-मोटार एकत्र, वेग वाढला की सायकलला वेगळी वाट. मुलांना कुणी ‘मोटारीसारखी चालवा’ असं शिकवत बसलं नाही. आमच्या रस्त्यावरही लायक्राचे घट्ट कपडे घातलेल्या हौशी सायकलवाल्यांपेक्षा दप्तर अडकवून शाळेला निघालेल्या मुली आणि पहाटेचा पाववाला जास्त. त्यांना मेसेजमधला सल्ला द्यायची कुणाची छाती आहे?

तर मग कडेला चिकटून जायचं? तसंही नाही. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात बऱ्याच ठिकाणी वीतभर पायरी पडलेली असते. चाक एकदा खाली उतरलं की वर घेताना माणूस डांबरावरच आडवा. काठापासून हात-दीड हात आत राहा. मधोमध येण्याच्या जागा वेगळ्या: अरुंद साकव, एका गाडीपुरता पूल, मालवणच्या बाजारपेठेसारखी गर्दी, आणि तीव्र उतार, जिथे तुमचा वेग गाड्यांइतकाच असतो. तिथे आधीच मागे बघून, हात दाखवून, ठामपणे लेन घ्या. पूल संपला की परत डावीकडे.

चढावर मागे डंपर किंवा एसटी घुटमळत असेल, तर पुढच्या घराच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, पाय टेकून तिला जाऊ द्या. रस्ता निवडता येत असेल तर महामार्ग 66 सोडून किनाऱ्याने जा. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटी सायकलही घेतात. महामार्गानेच गेलात, तर कशेडी घाटाला आता बोगदा झालाय. जुना घाटरस्ता चढाचा आहे, पण सायकलने बोगद्यात शिरण्यापेक्षा तो बरा. आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.