आळी एका आंब्यात, बंदी अख्ख्या देशाला

लातूरच्या गंजगोलाईच्या मागं चहाच्या टपरीवर आमचा रोजचा अड्डा. परवा आप्पानं बागेतले चार केशर आणले. तिसरा कापला तर फोडीवर पांढरी आळी वळवळायली. वरून फळ पिवळंधमक, सालीवर फक्त सुई टोचल्यागत एक डाग.

"ह्यालाच भिऊन युरोपनं आंबा बंद केलता," दादा म्हणला. दादाचं खेळण्यांचं दुकान आहे.

आप्पा उखडला. "भिऊन कशाचं? अडवायचं म्हणून अडवलं. कोर्टकचेरी काही आहे का नाही त्याला?"

अड्ड्यावर आमचे सरही होते, आता त्यांना कोण थांबवणार. जागतिक व्यापार संघटनेत १९९५ पासून करार आहे, ते म्हणले. माणसाच्या, जनावराच्या, पिकाच्या जिवासाठी माल अडवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. पण धोका शास्त्रानं दाखवावा लागतो, नुसतं 'आम्हाला वाटतं' चालत नाही. आणि २०१३ ला भारताच्या भाजी-फळांच्या २०७ खेपांत कीड सापडली होती. तवा युरोपियन संघात असलेल्या ब्रिटनला काळजी होती स्वतःच्या काचघरातल्या टोमॅटो-काकडीची. मे २०१४ ला युरोपची बंदी आली, आपण तपासणी सुधारल्यावर जानेवारी २०१५ ला आंब्यावरची उठली.

"पण एकाच्या पेटीत आळी, आन् शिक्षा सगळ्या देशाला?" आप्पानं विचारलं.

"हेच अमेरिका आपल्याला म्हणली की!" सर हसले. बर्ड फ्लूच्या नावाखाली आपण तिकडची कोंबडी बंद ठेवली होती. २०१५ ला आपण त्याच व्यापार संघटनेत अपिलात हरलो. रोग एका भागात, बंदी पूर्ण देशावर, आणि धोक्याचा नीट अभ्यास नाही. "२०२१ ला परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, म्हणून कोल्हापूरचं चिकन बंद करायचं का?"

आप्पा गप्प. मग दादाकडं वळला. "आन् तुझ्या खेळण्यांना आयएसआय शिक्का लागला, चिनी माल आटला, तवा तू पेढे वाटलास. ते चाललं व्हय?"

ते कलम वेगळं, सर म्हणले. वस्तूचा दर्जा, लेबल, चाचणी यांचा करार दुसरा. तिथं मुख्य अट अशी की नियम घरच्याला आणि बाहेरच्याला सारखाच. आपला शिक्का जानेवारी २०२१ पासून इथल्या कारखान्यालाही लागतो. अमेरिकेनं लवंगेची सिगारेट बंद केली, स्वतःकडची पुदिन्याच्या चवीची ठेवली; इंडोनेशिया भांडली आणि २०१२ ला जिंकली.

मला विचाराल तर कागद चोख आहे. पण कागदावर भांडतो देश, आणि आंबा निर्दोष असल्याचा पुरावा द्यायचा आप्पानं. अमेरिकेला पाठवायचा तर लातूरहून लासलगाव नाहीतर वाशी गाठा, किडीसाठी विकिरण, म्हणजे किरणांचा मारा, ४०० ग्रे मापाचा द्या, वर त्यांचा निरीक्षक इथं येऊन बघणार, त्याचाही खर्च आपल्याकडूनच. दोन एकरवाला हे कुठून करणार? आप्पा तर व्यापाऱ्याला जागेवरच देऊन मोकळा होतो. सर म्हणले, गट करा. आप्पा म्हणला, "गट केला की पहिलं भांडण अध्यक्ष कोण."

यावर सरांकडं कलम नव्हतं.

चौथा आंबा कापला. चांगला निघाला. दादानं तरीबी फोड उजेडाला धरून दोनदा बघितली.